एकच लेन्स घ्यायची तर कोणती? (लेकरं, येळवस आणि वेरूळ-अजिंठा)

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी लातूरला असतो, गाव औसा तालुक्यात. माझ्याकडं सोनी ए६४०० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १६-५० किट लेन्स, बस एवढंच सामान. कॅमेरा छोटा पाहिजे म्हणूनच हा घेतला होता, बायकोच्या पर्समध्ये पण बसतो, त्यामुळं रोज सोबत राहतो. मोठा कॅमेरा असता तर कपाटात पडून राहिला असता.

फोटो म्हणजे बहुतेक घरातली लेकरं (मोठी सात वर्षांची, धाकटा तीन), रानातले, गंजगोलाईच्या बाजारातले, आणि सणवार. आता दिवाळीनंतर वेरूळ-अजिंठा-दौलताबाद करायचा बेत आहे, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि येताना किल्ला. मग डिसेंबरअखेर येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा रानातला सण).

अडचण अशी की उन्हात फोटो छान येतात पण घरात संध्याकाळी ट्यूबलाईटखाली सगळं गढूळ येतंय, धाकटा तर प्रत्येक फोटोत हललेला. एक लेन्स घ्यायची ठरवलंय, बजेट तीस-पस्तीस हजार. डोक्यात तीन आहेत: सिग्मा ३० एफ १.४, सिग्मा १८-५० एफ २.८, सोनी १८-१३५ (आधीचा आकडा फोकल लेंथ, लहान असला की रुंद दिसतं, मोठा असला की लांबचं जवळ; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त). दुकानदार म्हणतो फिरायला जायलाय तर ५५-२१० घ्या, लांबचं दिसतंय. एकच घ्यायची, परत परत खर्च होणार नाही. सांगा.

क्लिकवेडा
सिग्मा ३० एफ १.४. विषय संपला.

देवगिरी_भटक्या
लेन्सचं नंतर बघू, आधी तारखा बदला भाऊ! अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दोन्हीकडं कुलूप बघून याल.

तेरणाकाठ
बाप रे. बरं झालं सांगितलंत, बुकिंग अजून केलं नव्हतं. आता गुरुवार-शुक्रवार करतो.

खंडोबाचा_घोडा
धाग्याचे पैसे इथंच वसूल 😄

नाथसागर
दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल बोलतो कारण माझा विषयच लांबचा आहे. मी पैठणचा, हिवाळ्यात जायकवाडीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो येतात, बाकी बदकं, करकोचे असतातच, सुट्टी मिळाली की मी काठावर. पक्ष्यांसाठी २१० कमी पडते. फ्लेमिंगो काही काठाला येऊन उभे राहत नाहीत, उथळ पाण्यात आत असतात, २१० ने गुलाबी ठिपके येतात फक्त. निदान ३०० तरी पाहिजे आणि खरं सांगायचं तर त्याच्याही पुढं. म्हणजे ५५-२१० घेऊन पक्षी पण होणार नाहीत आणि घरात तर ती बाहेर निघणारच नाही, कारण एफ ४.५ पासून ६.३ पर्यंत जाते, अंधारात काही कामाची नाही. लेन्स वाईट नाही, वजनाला ३४५ ग्रॅम म्हणजे हलकीच आहे, जत्रेत किंवा शाळेच्या गॅदरिंगला लांबून चेहरे घ्यायला बरी. पण तुमचा प्रश्न तो नाहीच.

ऋतुजा_अंबाजोगाई
तेरणाकाठ दादा, एक काम करा. लॅपटॉपवर तुमचे मागच्या वर्षभराचे फोटो उघडा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते ती बघत जा. १६ ला किती, ५० ला किती, मधल्या आकड्यांना किती. सगळे बघायची गरज नाही, तुम्हाला आणि घरच्यांना जे आवडलेत, जे प्रिंट केले, आजीला व्हॉट्सॲपवर पाठवले, तेवढेच बघा. मग इथं येऊन सांगा. आम्ही सगळे आपापल्या आवडीची लेन्स तुमच्या गळ्यात मारणार आहोत, तुमचे फोटो मात्र खरं बोलतील.

दुसरं म्हणजे तुम्ही "एकच लेन्स" म्हणताय पण तुमच्याकडे एक आहेच. १६-५० फक्त ११६ ग्रॅमची आहे, ती विकून काही फार पैसे येणार नाहीत. तेव्हा प्रश्न असा आहे की ती जे करू शकत नाही ते कोण करेल.

माळावरचा
लोक्स राग मानू नका पण आजकालच्या मोबाईलला तीन-तीन कॅमेरे असतात, नाईट मोड असतो. ३५ हजारात चांगला मोबाईल येतो. लेन्स कशाला?

क्लिकवेडा
आला मोबाईलवाला 😄

अण्णा_परभणीकर
माळावरचा भौ, मोबाईलला नावं ठेवायची नाहीत, दिवसा उजेडी मी पण मोबाईलच काढतो. पण नाईट मोडमध्ये मोबाईल काय करतंय तर एकापाठोपाठ एक बरेच फोटो घेऊन एकावर एक बसवतंय. देऊळ हालत नाही म्हणून भारी येतंय. तीन वर्षाचं लेकरू तेवढ्या वेळात कॉटवरून खाली उतरून दारात गेलेलं असतंय.

आता मूळ मुद्दा. मी लग्नाचे फोटो काढतो, पोट त्याच्यावरच हाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमची किट लेन्स ३०-३५ ला आली की एफ ५ च्या आसपास उतरते, ५० ला ५.६. एफ १.४ म्हणजे ५.६ च्या सोळा पट उजेड आत. सोळा पट! म्हणजे ज्या खोलीत किटवर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते, वाढवलं की दाणे येतात) ६४०० लागायला तिथं ४०० मध्ये काम होतंय, शटर तेवढंच ठेवून. किंवा आयएसओ थोडा वाढवा आणि शटर २५० ला (म्हणजे १/२५० सेकंदाला) न्या, पळणारं लेकरू थांबतंय. एफ २.८ वाल्या झूमला हाच फायदा चार पट मिळतो. चार पट पण काही कमी नाही, पण ट्यूबलाईटच्या खोलीत चार आणि सोळात फरक कळतोच.

एक सेटिंग लगेच करून घ्या, फुकट आहे. सोनीत ऑटो आयएसओसोबत कमीत कमी शटर स्पीड ठरवता येतं. ते २५० वर टाका लेकरांसाठी. फोटोत दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो अल्बमात चालतो, हाललेला चालत नाही.

देवगिरी_भटक्या
अण्णा, लेकरांबद्दल तुमचं सगळं मान्य. पण ह्यांचा अजिंठ्याचा पण बेत आहे आणि तिथं मी थोडा वेगळा बोलणार.

अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉड विनापरवानगी नेता येत नाही, चित्रांच्या लेण्यांत (१, २, १६, १७) मंद दिवे असतात आणि मागं रांग असते. त्यामुळं लोक म्हणतात एफ १.४ पाहिजेच. पण चित्रं पळत नाहीत! किट लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, सिग्माच्या ३० आणि १८-५० दोन्हीत नाही, आणि ए६४०० च्या बॉडीत पण नाही (ए६६०० मध्ये आहे). हिशोब करून बघा. किट १६ ला एफ ३.५ असते, खांबाला टेकून, श्वास धरून १/८ सेकंदात स्थिर फोटो येतो. सिग्मा ३० ने १.४ ठेवली तरी हातानं १/६० च्या खाली जायला भीती वाटते. दोन्हीकडं उजेड जवळपास सारखाच आत आला. म्हणजे भिंतीवरच्या चित्रासाठी सोळा पटीचा फायदा उरलाच नाही.

अर्थात १६ ला अख्खी भिंत येते. पद्मपाणीचा चेहरा पाहिजे असेल तर कठड्यामागून ३० किंवा जास्तच लागणार, आणि किट तिकडं झूम केली की काळवंडत जाते, तिथं प्राईम (झूम नसलेली लेन्स, इथं सिग्मा ३०) जिंकते. पहिल्या लेणीत गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे, नुसता चेहरा आणि कमळ धरलेला हात एवढीच चौकट घेऊन बघा. झुकलेल्या पापण्या, भुवईची एक अखंड रेघ, गळ्यातले मोती. अख्ख्या भिंतीच्या फोटोत हे काहीच दिसत नाही.

अण्णा_परभणीकर
चित्रं पळत नाहीत हे एक नंबर बोललात. मान्य. न हालणाऱ्याला स्टॅबिलायझर, हालणाऱ्याला मोठं तोंड.

खंडोबाचा_घोडा
+१

बालाघाटची_पोरगी
वेरूळसाठी पण कुणीतरी बोला. कैलास लेण्याच्या प्रांगणात उभं राहिलं की मान वर करावी लागते, तिथं ३० लेन्स म्हणजे फक्त एखादा हत्ती नाहीतर एखादा खांब. मला १६ सुद्धा कमी पडली होती.

आणि १६ विरुद्ध १८ हा फरक लोक सोडून देतात. दोन मिलिमीटर काय होतंय असं वाटतं, पण ह्या सेन्सरवर १६ ला साधारण ८३ अंश दिसतं आणि १८ ला ७६ च्या आसपास. भिंतीला पाठ टेकलेली असते, मागं सरकायला जागाच नसते, तेव्हा ते सात अंश लई मोठे होतात. म्हणून १८-५० घेऊन किट विकायचा विचार असेल तर विकू नका, खिशात राहू द्या.

आणखी एक, कैलासचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी आत सावली असते. दुपारी तीननंतर जा, उजेड आतपर्यंत शिरतो, दगडाचा रंग बदलतो. वरच्या डोंगरावरून पण बघा, अख्खं मंदिर एका चौकटीत तिथूनच बसतं आणि तिथं कुठलीही लेन्स चालते.

देवगिरी_भटक्या
प्रांगणात जागा कमी पडली तर कॅमेरा उभा धरायचा आणि डावीकडून उजवीकडं एकमेकांवर थोडे चढणारे चार-पाच फोटो घ्यायचे, घरी जोडायचे. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअलला ठेवायचं नाहीतर जोड दिसतो. किंवा सरळ मोबाईलचा अल्ट्रावाईड वापरा. माळावरचा भाऊंचा मोबाईल इथं कामाला येतो.

माळावरचा
बघा, म्हणलो होतो 😎

कोपरगल्ली
फुजीवाले कुणी नाहीत का इथं? मी एक्सएफ ३५ एफ २ वापरतो, १७० ग्रॅम, पावसाच्या चार थेंबांची भीती नाही. नांदेडला शिखांच्या होला मोहल्ल्याला त्याच एका लेन्सवर सगळं काढतो. गर्दीत झूम फिरवायला वेळ कुठंय, पाय हाच झूम. निळे फेटे, घोडे, गुलाल... तुम्ही जवळ जाता तेव्हा लोक तुमच्याकडं बघतात, हसतात, फोटोत जीव येतो. लांबून २०० ने काढलेल्या फोटोत ते येत नाही.

नाथसागर
पाय हाच झूम हे पाण्यात चालत नाही ओ 😄

ऋतुजा_अंबाजोगाई
दरीत पण चालत नाही. दौलताबादच्या बारादरीवरून खाली चांद मिनार घ्यायचा असेल तर पाय कुठे नेणार? म्हणून मी १८-१३५ वाल्यांना पूर्ण चूक म्हणत नाही. दिवसभर उन्हात फिरणार, लेन्स बदलायची नाही, बरोबर लेकरं आहेत, एका हातात पाण्याची बाटली आहे, अशा माणसाला ३२५ ग्रॅममध्ये २७ ते २०० एवढी रेंज (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशोबानं) आणि वर स्टॅबिलायझर म्हणजे खूप सोय आहे. पण ती लांब टोकाला एफ ५.६ आहे, म्हणजे दादांच्या घरातला अंधार तसाच राहणार. फिरणं वर्षातून दोन-चार दिवस, घर रोज.

गुरुजी_कन्नड
चर्चा फार छान चालली आहे. अजिंठ्याच्या उजेडाचा विषय निघाला म्हणून थोडे अवांतर.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली हे आपण शाळेत शिकलो. पुढे १८४४ मध्ये कंपनी सरकारने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला इथली चित्रे नकलून काढण्याच्या कामावर नेमले. वर्षानुवर्षे तो या अंधारात बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिला. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. त्याच गिलने १८६० च्या दशकात कॅमेराही हातात घेतला आणि अजिंठा-वेरूळची छायाचित्रे काढली, दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने जोडचित्रेही काढली. १८७९ मध्ये तो वारला, कबर भुसावळला आहे. त्याची इथली सहचारिणी पारो हिची कबर अजिंठा गावात आहे, तिकडे गेलात तर वाट वाकडी करून अवश्य पाहा.

काचेच्या प्लेटा, रसायने, लाकडी पेटी, सगळे बैलगाडीने न्यायचे. आज तुमच्या पर्समध्ये मावणाऱ्या कॅमेऱ्यात जो उजेड पकडण्याची ताकद आहे ती त्या माणसाला मिळाली असती तर काय काय हाती लागले असते! त्याने नकलल्या तेव्हा दिसत असलेला काही भाग आज भिंतीवर उरलेला नाही. म्हणून म्हणतो, जे काढाल ते नीट काढा आणि जपून ठेवा.

बालाघाटची_पोरगी
गुरुजी, हे माहीत नव्हतं, जळालेल्या नकलांचं वाचून वाईट वाटलं. धन्यवाद.

अण्णा_परभणीकर
गुरुजींचा प्रतिसाद प्रिंट काढून दुकानात लावणार.

खंडोबाचा_घोडा
मी धुळीबद्दल बोलणार, कारण कुणी बोललं नाही. माझं गाव लोह्याजवळ, माळेगावच्या जत्रेत दरवर्षी असतो. घोडे, उंट, गाढवं, बैल, सगळ्यांच्या खुरांनी जी धूळ उडती ती पिठासारखी बारीक असती, कुठंबी शिरती. तिथं लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर धूळ बसवून घेणं. मग वर्षभर आभाळाच्या प्रत्येक फोटोत काळे ठिपके. बदलायचीच असेल तर कॅमेरा बंद करा, वाऱ्याकडं पाठ करा, बॉडीचं तोंड खाली ठेवा, पुढची लेन्स आधीच काढायला तयार ठेवा आणि चटकन लावा. गाडीत बसून करणं सगळ्यात बरं, पण एसीचा पंखा बंद करून.

तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. रबरी ब्लोअर घ्या, स्वस्त मिळतो. आणि रुमालानं, उपरण्यानं, साडीच्या पदरानं काच पुसायची नाही म्हणजे नाही. आधी धूळ उडवायची, मग मऊ कापड. धुळीत खडे असतात, पुसलं की ओरखडा.

डॉ_सोयगाव
आणि पावसाळ्यात फंगस. आपल्याकडे कोकणाएवढी ओल नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये चामडी केसमध्ये बंद करून ठेवलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारी सिलिका मिळते, रंग बदलला की गरम करून परत वापरता येते. आणि खरा उपाय म्हणजे वापरत राहणे, हवा-उजेड लागला की फंगस येत नाही.

कोपरगल्ली
उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका हे पण लिहून ठेवा. मे महिन्यातलं आपलं ऊन माहीत आहे सगळ्यांना.

तेरणाकाठ
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. ऋतुजाताईंनी सांगितलेलं काम केलं, मी आणि बायको रात्री बसून फोटो बघितले. रानातले, आभाळाचे, गंजगोलाईचे सगळे १६ ते २० मध्ये. लेकरांचे आणि माणसांचे जे आवडले ते बहुतेक २८ ते ३८ च्या मध्ये. ५० ला काढलेले आहेत पण त्यातला एकबी बायकोनं निवडला नाही. १३५ किंवा २१० पाहिजे होती असं वाटावं असा फोटो शोधून सापडला नाही, त्यामुळं १८-१३५ आणि ५५-२१० यादीतून गेल्या.

येळवसीचे फोटो बघताना खरं दुखणं कळलं. कडब्याची कोप (झोपडी) असते ना आमची, आत पूजेचे पांडव मांडलेले, बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. कडब्याच्या फटीतून उन्हाच्या बारीक बारीक पट्ट्या आत येतात आणि आई निवद दाखवायला वाकली की त्या पट्ट्या तिच्या हातावर, बांगड्यांवर, अंबिलाच्या मडक्यावर पडतात. दरवर्षी तो फोटो घ्यायचा प्रयत्न करतो. किटवर एकतर आई हाललेली येती नाहीतर सगळं दाणेदार, पट्ट्यांचा जीवच जातो. मला तो फोटो पाहिजे. अजिंठा परत जाऊन बघता येतं, आईची येळवस दरवर्षी वेगळी असती.

अण्णा_परभणीकर
मग ठरलं की. प्राईम. आणि बप्पा, त्या कोपीत एक्स्पोजर उन्हाच्या पट्टीवर धरा, बाकी काळं पडलं तर पडू द्या. ऑटोवर कॅमेरा अंधार उजळायला बघतो आणि पट्ट्या पांढऱ्याफट होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक किंवा दीड, रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाईल) काढा.

ऋतुजा_अंबाजोगाई
हेच म्हणायचं होतं. २८ ते ३८ म्हणजे सिग्मा ३० बरोबर मध्यात. पण अजून एक नाव कुणी घेतलं नाही, सोनीचीच ३५ एफ १.८. तिच्यात स्टॅबिलायझर आहे, वजन १५४ ग्रॅम, तुमच्या पर्सच्या अटीत बसते. भटक्या आणि अण्णा दोघांचंही समाधान! १.८ म्हणजे १.४ पेक्षा थोडा कमी उजेड, एका स्टॉपपेक्षा (म्हणजे दुपटीपेक्षा) कमी फरक. सिग्मा २६५ ग्रॅम आहे आणि लांबीला पण मोठी, कॅमेऱ्याच्या पुढं दिसते. नवी सोनी महाग वाटली तर सेकंडहँड बघा.

क्लिकवेडा
सिग्मा ३० ची शार्पनेस मात्र सोनीपेक्षा भारी आहे, विशेषतः पूर्ण उघडी ठेवून. माझं मत बदललेलं नाही.

देवगिरी_भटक्या
क्लिकवेडा, आईच्या हातावरच्या उन्हाच्या पट्टीत कोपऱ्याची शार्पनेस कोण बघतंय. पण तेरणाकाठ, ३० आणि ३५ चा फरक घरात करून बघा आधी. किट लावा, झूम केलं की स्क्रीनवर आकडा दिसतो, ३५ ला आणून अख्खी संध्याकाळ तेवढ्यावरच काढा. कॅमेरा बंद केला की ती परत १६ ला जाते, तेव्हा चालू केल्यावर दरवेळी आणावी लागेल. दुसऱ्या दिवशी ३० ला.

अण्णा_परभणीकर
आणि दोन्हीला एक लक्षात असू द्या. दोन मीटरवरून ३० ला एफ १.४ ठेवली तर जेमतेम वीतभर जागा फोकसमध्ये असती. दोन लेकरं मागंपुढं बसली की एक स्पष्ट, एक धूसर. कुटुंबाचा फोटो काढताना एफ ४ ला जा, हातभर जागा मिळती. मोठं तोंड आहे म्हणून कायम उघडं ठेवायचं नसतंय. आमच्या लाईनीत नवी पोरं येतात ती पहिल्या लग्नात सगळे ग्रुप फोटो १.८ ला काढतात, मग मागच्या रांगेतला मामा कुणाला ओळखू येत नाही आणि मामा रुसतो.

बालाघाटची_पोरगी
मामा रुसला की लग्नच अवघड 😂

माळावरचा
मामाचा फोटो मोबाईलवर काढा, सगळं फोकसमध्ये येतंय.

तेरणाकाठ
करून बघितलं. ३५ ला हॉलमध्ये छान, पण आमचं स्वयंपाकघर लहान आहे, ओट्याला पाठ लावली तरी बायको आणि दोन्ही लेकरं एकत्र बसत नाहीत. ३० ला बसतात, अगदी काठोकाठ. कोपीत तर त्याहून कमी जागा असती. स्टॅबिलायझरचा मोह होता पण घरातलं माणूस हालणारंच आहे, तिथं शटर पाहिजे. अजिंठ्यात भिंतीला किट १६ ला लावतो, भटक्या भाऊंनी सांगितलं तसं खांबाला टेकून, आणि चेहऱ्यांना ३०. दोन्ही मिळून ३८१ ग्रॅम. १८-५० चा विचार शेवटपर्यंत होता, पण ती घेतली तर घरात चार पट मिळणार आणि मला सोळा पट पाहिजे. तर सिग्मा ३०.

बायको म्हणाली, एवढी चर्चा आपल्या लग्नाला पण झाली नव्हती.

क्लिकवेडा
पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं 😌

ऋतुजा_अंबाजोगाई
अभिनंदन दादा. तुमची जागा तुम्ही मोजलीत, आता शंका राहणार नाही. सोनी ३५ मी मागे घेते.

तेरणाकाठ
ताई, लातुरातच एकजण सेकंडहँड ३० विकायलाय, पावसाळ्यात वापरलेली आहे म्हणे. बघायला जाताना काय तपासू?

डॉ_सोयगाव
मोबाईलची टॉर्च मागून लावून, लेन्स तिरकी करून आत बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात, पांढरे तंतू किंवा धुरकट थर दिसला तर घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी.

अण्णा_परभणीकर
तुमचीच बॉडी सोबत न्या. १.४ ला एका भिंतीचा फोटो काढा, विटांची नाहीतर फरशीची, ज्यात सरळ रेघा आहेत. डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर येत असेल तर लेन्स कुठंतरी पडलेली हाय. मग ऑटोफोकस दहावेळा जवळ-लांब करा, आवाज एकसारखा आला पाहिजे. माउंटवरचे (लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथले) पितळेचे पॉइंट स्वच्छ बघा. फिल्टरचे आटे ५२ मिमीचे हायत, ते ठेचलेले नसावेत. हूड सोबत मागून घ्या, बिल असेल तर बिल. आणि संध्याकाळी जा, दिवसा कुठलीबी लेन्स भारीच वाटते.